पॅडवरचा ठोसा : आवाज नको, उतारा पाहा



आपल्या जिल्ह्यात खेळ म्हटला की आधी आठवते ती तांबडी माती. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान सुरू झाले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून घडलेल्या मल्लांनी कोल्हापूरचे नाव देशभर नेले. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकरांनी तो किताब मिळवला. या गोष्टी आपल्याकडे घराघरांत सांगितल्या जातात. पैलवानाच्या खुराकाला मानधनाचा हात देण्याची रीतही इथल्या साखर कारखान्यांनी पाळली.

आता त्याच घरांतली काही मुले-मुली दुसऱ्याही खेळांकडे पाहू लागली आहेत. त्यांतला एक खेळ म्हणजे मुष्टियुद्ध, पोरांच्या तोंडी बॉक्सिंग. शालेय स्पर्धांत तो आहे. २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंगने आणि २०१२ साली लंडनला मेरी कोमने ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तिथे लवलीना बोर्गोहेनने तसेच पदक मिळवले. निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेती झाली. २०२५ साली लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा या दोघींनी सुवर्णपदके जिंकली. हे सगळे पोरीबाळी मोबाईलवर पाहतात आणि घरी येऊन म्हणतात, "मलाबी जायचंय."

मग आई-बापाला प्रश्न पडतो. बाप सरावाला जाऊन बघतो, तर एक माणूस दोन्ही हातांत चामड्याच्या छोट्या गाद्या धरून उभा, आणि आपले पोरगे त्यावर फाडफाड ठोसे मारते आहे. घरी येऊन तो म्हणतो, "अहो, ह्यात शिकायचं ते काय? गादीवर तर कुणीबी मारील."

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, त्या गादीवर मारण्यातच पोरगे घडते, आणि त्या गादीवर मारण्यातच ते बिघडतेही. घडणार की बिघडणार, हे बरेचसे गादी धरणाऱ्या हातावर ठरते. सभासदांच्या घरातील मुले या खेळात उतरणार असतील तर पालकांना एवढे तरी कळायला हवे, म्हणून हा लेख.

पॅड म्हणजे काय

या गादीला पॅड म्हणतात. तळहातापेक्षा थोडी मोठी, आतून भरीव, मागे हात घालायला खोबण. प्रशिक्षक एकेका हातात एकेक पॅड घालतो आणि शिकणाऱ्यासमोर उभा राहतो. तो पॅड पुढे करील तिथे ठोसा मारायचा, नाही केला तर मारायचा नाही.

सरावाची इतर साधने पाहिली की पॅडचे वेगळेपण ध्यानात येते. दोरीवरच्या उड्यांनी पाय हलके होतात आणि दम वाढतो. टांगलेल्या जड पिशवीवर मारून ताकद येते. आरशासमोर हवेत ठोसे मारून पवित्रा सुधारतो. पण पिशवी जागची हलते तेवढीच, ती बोलत नाही. ठोसा चुकला तरी ती सांगत नाही. पॅडमागे मात्र जिवंत माणूस असतो. प्रत्येक ठोसा त्याच्या तळहाताला कळतो. बोट कुठे लागले, जोर कुठून आला, हात किती वेगाने मागे गेला, हे डोळ्यांआधी त्याच्या हाताला समजते.

तालमीतल्या वस्तादाची आठवण इथे होणे साहजिक आहे. वस्ताद नुसता काठावर बसून ओरडत नाही. वेळ पडली की लंगोट कसून स्वतः आखाड्यात उतरतो, पोराला आपल्या अंगावर डाव मारू देतो आणि मध्येच थांबवून सांगतो, "पाय आत घाल, कंबर खाली घे." पॅडचा सराव हा बॉक्सिंगमधला तोच प्रकार समजावा.

ठोसा हातात नसतो, पायात असतो

नवशिक्याला वाटते ठोसा म्हणजे हाताचे काम. लाकूड फोडणाऱ्या गड्याला विचारा, कुऱ्हाड नुसत्या मनगटाने चालवली तर गाठीचे लाकूड फुटेल का? जमिनीत पाय रोवून, कंबर फिरवून, खांद्यातून घाव आला तरच ओंडका दुभंगतो. ठोशाचेही तेच आहे. जोर मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कमरेतून वळतो, खांद्यातून पुढे जातो आणि मुठीत पोहोचतो. या साखळीतली एक कडी निसटली की उरतो तो नुसता हाताचा धक्का.

ठोशांचे मुख्य प्रकार मोजकेच. उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. पुढच्या डाव्या हाताचा सरळ, चपळ ठोसा म्हणजे जॅब. मागच्या उजव्या हाताचा सरळ, जोरकस ठोसा म्हणजे क्रॉस. कोपर वाकवून बाजूने मारलेला तो हुक, आणि खालून वर हनुवटीकडे येणारा तो अपरकट. डावखुऱ्याचे सगळे उलट.

पॅडवर पहिले कित्येक दिवस जॅब आणि क्रॉस एवढेच घोटावे लागते. क्रॉस मारताना मागची टाच उचलली जाऊन बाहेर वळते का? मूठ शेवटच्या क्षणी पालथी होते का? हनुवटी छातीकडे झुकलेली आहे का? एक हात मारत असताना दुसरा गालाशी राहतो का? आणि मारलेला हात आला त्याच वाटेने सरळ माघारी येतो का, की खाली लोंबकळत येतो? हे पाच प्रश्न प्रशिक्षकाने प्रत्येक ठोशाला विचारायचे असतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बैलगाडी हाकणाऱ्याला आसूड माहीत असतो. आसूड पुढे ढकलून वाजत नाही, झटका देऊन मागे ओढला की वाजतो. चांगला ठोसाही तसा झटक्याचा असतो. जाताना जेवढा वेग, येताना तेवढाच. हात माघारी यायला उशीर झाला की गाल उघडा पडतो, आणि समोरचा नेमकी त्याच क्षणाची वाट पाहत असतो.

पॅड धरणारा हात

आता मुख्य मुद्दा. ठोसा मारणाऱ्याइतकेच, किंबहुना जास्त, कसब पॅड धरणाऱ्याला लागते. त्याच्या चार चुका सर्रास दिसतात.

पहिली चूक, पॅड फार फाकवून धरणे. आपल्या तोंडाला लागू नये म्हणून धरणारा दोन्ही पॅड खांद्यांच्या बाहेर लांब धरतो. पोरगे महिनोन् महिने तिथेच मारत राहते. मग सामन्याच्या दिवशी काय होते? समोरच्याचे डोके मध्यभागी असते आणि पोराचे ठोसे त्याच्या दोन्ही कानांजवळून हवेत जातात. कारण हाताला सवयच तशी लागलेली. म्हणून पॅड प्रतिस्पर्ध्याची हनुवटी असेल त्या उंचीला, आपल्या चेहऱ्याच्या रेषेजवळच धरायला हवा. सहा फुटी प्रशिक्षकाने पाच फुटी पोरीसाठी पॅड आपल्या उंचीला धरला, तर ती आकाशात मारायला शिकेल.

दुसरी चूक, पॅडने ठोशावर चापट मारणे. लांबून पॅड आणून ठोशावर आपटला की मोठा आवाज होतो आणि बघणाऱ्यांना बरे वाटते. पण त्यात ठोशाची लांबी अर्ध्यावर तुटते आणि खांद्याला, मनगटाला नको तो हिसका बसतो.

तिसरी चूक याच्या उलट, पॅड सैल सोडणे. ठोसा लागताच पॅड मागे गेला तर हात आधाराविना पुढे फेकला जातो आणि कोपराचा सांधा दुखावतो. गुऱ्हाळावरचा चरक आपल्याला ठाऊक आहे. चरक सैल झाला तर रस चिपाडातच राहतो. पॅडही तसाच बेताने घट्ट हवा. ठोसा पोहोचता पोहोचता दोन-चार बोटे पुढे सरकून त्याला भेटायचे आणि तिथेच थांबायचे. पुढे धावायचे नाही आणि मागेही हटायचे नाही.

चौथी चूक, एकाच जागी खांबासारखे उभे राहणे. खरा प्रतिस्पर्धी खांब नसतो. पॅड धरणाऱ्याने पाऊल मागे घ्यावे, बाजूला जावे, कधी अंगावर चालून जावे, म्हणजे अंतर कसे राखायचे ते पोराच्या पायांना समजते. फार जवळ गेले तर सरळ ठोसा आखडतो, फार लांब राहिले तर तो पोहोचायच्या आधीच संपतो. हात जवळजवळ सरळ व्हावा, पण कोपर ताठ अडकू नये, ते अंतर बरोबर.

धरणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यायला हवी. दिवसाला दहा-बारा पोरांचे ठोसे हातावर घ्यायचे म्हणजे त्याच्या कोपराची आणि खांद्याची परीक्षाच असते. कोपर किंचित वाकलेले ठेवून, जोर पायांवर घेऊन धरले तर हात वर्षानुवर्षे टिकतात.

टनेज आणि उतारा

आपण ऊस टनांत मोजतो, पण त्याचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला आहे. नुसता वजनदार, पाण्याने फुगलेला ऊस काट्यावर छान दिसतो, पण साखर देत नाही. पॅडवरचा आवाज हे टनेज आहे. उतारा वेगळा असतो.

सामन्यात गुण कशाला मिळतात ते पाहू. मोठ्या गटाचा सामना तीन फेऱ्यांचा, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विसावा. रिंगणाभोवती पाच पंच बसतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, दुसऱ्याला त्याहून कमी. पंच पाहतात ते नियमात बसणाऱ्या भागावर, म्हणजे डोक्याच्या पुढच्या व बाजूच्या भागावर आणि कमरेच्या वर, मुठीच्या पुढच्या पेराच्या बाजूने स्वच्छ बसलेले ठोसे. तळहाताच्या बाजूने बसलेल्या चापटीला मोल नाही, मग ती कितीही वाजो.

म्हणून पॅडवर वीस-वीस ठोशांच्या पाठ केलेल्या माळा फडाफड मारणारे पोरगे पाहून भुलू नये. मोबाईलवर असल्या चित्रफिती पुष्कळ दिसतात. बघायला झकास. पण समोरचा प्रतिस्पर्धी ती माळ पाठ करून आलेला नसतो. तो तिसऱ्याच ठोशाला बाजूला होतो आणि चौथा ठोसा मारणाऱ्याच्याच तोंडावर बसतो. दोन किंवा तीन ठोसे, नेमके, आणि लगेच पाऊल बाजूला, हा उतारा देणारा सराव.

तीन फेऱ्यांचा एक पाठ

जाणकार प्रशिक्षक पॅडचा सराव कसा बांधतो, त्याचा एक नमुना देतो. आधी दोरी, हातपाय मोकळे करणे आणि हवेतले ठोसे, यांत अंग चांगले तापले पाहिजे. हातांना लांब पट्टी व्यवस्थित बांधलेली हवी. मनगट आणि पेरे दोन्ही आवळली गेली पाहिजेत, पण बोटे निळी पडेपर्यंत नाही. वर मोजे.

पहिली फेरी फक्त जॅबची. प्रशिक्षक "एक" म्हणतो, एक जॅब. "एक-एक" म्हणतो, दोन जॅब. काही वेळा तो काहीच बोलत नाही, नुसता पॅड दाखवतो. म्हणजे कानाबरोबर डोळाही तयार होतो.

दुसऱ्या फेरीत जॅब आणि क्रॉस. "एक-दोन." प्रत्येक जोडीनंतर पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे. ठोसे मारून तिथेच कौतुक पाहत उभे राहायचे नाही, ही सवय इथेच लावायची.

तिसरी फेरी बचावाची. ठोसे मारून झाले की प्रशिक्षक मोकळ्या पॅडने हलकेच पोराच्या गालाकडे फटका आणतो. हात गालाशी असेल तर अडतो, नसेल तर पॅड गालाला चाटून जातो. मारायला म्हणून नाही, आठवण द्यायला. हुक आला तर गुडघ्यांतून खाली बसायचे, कमरेतून वाकून नजर जमिनीकडे न्यायची नाही. खाली पाहिले की पुढचा ठोसा दिसत नाही.

प्रत्येक ठोशाबरोबर नाकातोंडाने छोटा श्वास सोडायचा. श्वास रोखून मारणारा पहिल्याच फेरीत दमतो. तिन्ही फेऱ्यांत एका वेळी एकच चूक सुधारायची. "हात वर, टाच फिरव, हनुवटी खाली, श्वास सोड," असे एका दमात सांगितले तर पोरगे गोंधळते. आज टाच, तर आज फक्त टाच. शेताला पाणी पाजतानाही आपण एका वेळी एकच सरी धरतो.

तालमीतले पोरगे बॉक्सिंगला आले तर

आपल्याकडच्या पोरांत ताकदीची वाण नाही. जोर-बैठका मारलेले, मातीत लोळलेले पोरगे बॉक्सिंगला आले तर कंबर आणि मान तयारच असते. पण त्याचा पहिला ठोसा बहुधा ढकलणारा असतो. पैलवानाला अंगाला अंग भिडवायची सवय, त्यामुळे तो पुढे झुकतो, हात पसरतो आणि ठोसा मारून तिथेच रेलतो. पॅड धरणाऱ्याला हे लगेच कळते. ठोसा "टप्" असा लागून सुटला तर ठीक, पॅडवर दाब राहिला तर ती ढकल.

यात कमीपणा काही नाही. खाशाबा जाधवांची गोष्ट आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा तिथली कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती, आणि नियमही वेगळे. तरी सहावा क्रमांक मिळवला. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना नव्या पद्धतीचे धडे दिले. पुढची चार वर्षे मेहनत करून १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतली ताकद त्यांच्याकडे आधीपासूनच होती. नव्या गादीवर ती कशी वापरायची हे शिकवणारा हात मिळाला आणि त्यांनी मनापासून शिकून घेतले. आपल्या पोरांनाही तसाच शिकवणारा हात हवा आहे.

पॅडवर जे शिकता येत नाही

पॅड म्हणजे सर्व काही नव्हे. पॅड घाबरत नाही, चिडत नाही, दमत नाही आणि खरा ठोसा परत मारत नाही. ताकद पिशवीवर येते, सामन्याची समज जोडीदाराबरोबरच्या सरावातच येते. पण जोडीदाराबरोबर डोक्यावर ठोसे घेण्याचा सराव हा मापानेच व्हायला हवा. इथे पालकांनी डोळ्यांत तेल घालून राहावे.

डोक्याला मार बसून पोराला चक्कर आली, डोके दुखू लागले, उलटी झाली, ते गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा दिव्याकडे बघवेना झाले, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायचा आणि डॉक्टरांकडे न्यायचे. "मर्द आहेस, उठ" असे म्हणणाऱ्याचे ऐकायचे नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत परत मोजे चढवायचे नाहीत. मेंदूला बसलेला मार बाहेरून दिसत नाही, आणि पहिला बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट वजनाची. वजनगटात बसवण्यासाठी वाढत्या वयाच्या पोराला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, उन्हात घाम काढायला पळवणे, हे प्रकार घातक आहेत. पोरगे वाढते आहे तर त्याचा वजनगटही वाढू द्यावा. घरची भाकरी, डाळ, दूध, अंडी, पालेभाजी हा खुराक त्याला पुरेसा आहे.

पालकांनी काय पाहावे

एक दिवस मुकाट्याने सराव पाहायला जा आणि एवढे टिपा.

प्रशिक्षक पॅड चेहऱ्याच्या रेषेत धरतो की लांब फाकवून? पोराच्या उंचीप्रमाणे तो खाली येतो का? तो एका वेळी एक चूक सुधारतो की नुसता "जोरात, जोरात" ओरडतो? ठोसा मारल्यावर पोराचा हात गालाकडे परततो का, आणि नाही परतला तर प्रशिक्षक थांबवतो का? हाताला पट्टी बांधल्याशिवाय तो मारू देतो का? नवख्या पोराला पहिल्याच महिन्यात मोठ्यांबरोबर रिंगणात तर सोडत नाही ना? आणि मुलींना मुलांइतकाच वेळ पॅडवर मिळतो का? मेरी कोमने सहा वेळा जगज्जेतेपद मिळवले. पोरींचा हा खेळ नव्हे, असे आता कुणी म्हणू नये.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर पोराला निर्धास्त पाठवा. नसतील तर आधी प्रशिक्षकाशी नीट बोला, आणि तरीही फरक पडला नाही तर दुसरी जागा शोधा.

गावात सुरू करायचे तर

काही गावांतून विचारणा होते की, रिंगण बांधायला किती खर्च येईल? रिंगणाचे मागाहून पाहू. आधी तालमीची किंवा शाळेची एक मोकळी, उजेडाची खोली, पायाखाली न घसरणारी जमीन, दोऱ्या, पट्ट्या, मोज्यांचे काही जोड आणि पॅडचे दोन जोड, एवढ्यावर पहिले वर्ष निघते. टांगायची पिशवी गावातच शिवता येते. मात्र ती मातीने किंवा वाळूने भरू नका. वाळू खाली बसून दगडासारखी होते आणि कोवळी मनगटे मोडते. जुन्या कापडाच्या चिंध्या ठासून भराव्यात, तळाशी व वर सारख्या.

सर्वांत आधी पाहिजे तो पॅड धरणारा माणूस. आपल्या भागात माजी सैनिक पुष्कळ आहेत आणि फौजेत बॉक्सिंगची परंपरा जुनी आहे. पुण्यात २००१ साली सुरू झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही हा खेळ शिकवला जातो. ज्यांनी पलटणीत मोजे घातले असतील त्यांनी पुढे यावे. शाळांतले क्रीडाशिक्षकही हे काम करू शकतील. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. गावातून एक होतकरू माणूस तिथे शिकून आला, तर त्याचा उपयोग पुढची वीस वर्षे होईल. तेवढाच पैसा झगझगीत साहित्यात घातला तर ते कोपऱ्यात धूळ खात पडेल.

आणखी एक सोपी गोष्ट. थोडी मुरलेली पोरे झाली की त्यांनाच आळीपाळीने एकमेकांसाठी पॅड धरायला लावावे, अर्थात प्रशिक्षकाच्या नजरेखाली. यात दुहेरी फायदा आहे. मारणाऱ्याचा सराव होतो, आणि धरणाऱ्याला समोरून येणारा ठोसा वाचायला येतो. ठोसा सुटण्याआधी खांदा किंचित हलतो, पायावर भार जातो, हे पॅड धरताना जेवढे स्पष्ट दिसते तेवढे मारताना दिसत नाही. दुसऱ्याला मदत करता करता आपलेही शिकून होते. सहकार, सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

बंधू-भगिनींनो, १९२८ पासून सुरू झालेली भारतीय हॉकीची सुवर्णपदके असोत की खाशाबांचे कांस्य, प्रत्येक पदकामागे कुणीतरी शिकवणारे असतेच. २०२४ साली पॅरिसला आपल्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले तेव्हा सारा जिल्हा नाचला. त्या आनंदाची सुरुवात वर्षानुवर्षांच्या सरावात झालेली असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध राहणार, हे २०२५ साली नक्की झाले आहे. तिथवर आपल्या भागातले कुणी पोहोचेल की नाही हे आज कुणी सांगू नये. पण आपल्या गावातल्या खोलीत जे पोरगे आज पॅडवर ठोसा मारते आहे, त्याचा हात वेळेवर गालाकडे परततो आहे की नाही, हे पाहणे आपल्या हातात आहे. लागण चांगली झाली आणि बेणे निवडून घेतले तरच पुढे उतारा मिळतो. पोरांच्या बाबतीत ते बेणे निवडण्याचे काम आपले आहे, आणि त्याला उशीर करू नये.